विमान उतरतं अकराला, गाडी सुटते दोनला

सप्रेम नमस्कार. ऑक्टोबरमध्ये मी आणि आमचे हे पहिल्यांदाच अमेरिकेला निघालो आहोत. मुलगा कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोला असतो. ह्यांना रेल्वेचं भारी वेड, त्यामुळे शिकागोपर्यंत विमानानं आणि तिथून पुढे ‘कॅलिफोर्निया झेफर’ गाडीनं जायचं असं ठरतंय. विमान ओहेअर विमानतळावर सकाळी ११ वाजून ५ मिनिटांनी उतरतं. गाडी युनियन स्टेशनवरून दुपारी २ वाजता सुटते. त्याच दिवशीच्या गाडीत दोघांची छोटी खोली, म्हणजे रुमेट, बघून ठेवली आहे. विमानाचे आणि गाडीचे पैसे अजून भरलेले नाहीत. मुलगा म्हणतो, ‘आई, एक रात्र शिकागोत राहा.’ माझे दीर म्हणतात, ‘तीन तास म्हणजे डोक्यावरून पाणी. मी फ्रँकफर्टला उतरून दीड तासात गाडीत बसलो होतो. आणि अमेरिकेतल्या गाड्या वेळेवर सुटतात कधी?’ हॉटेलचे दर बघून मीही दिरांच्या बाजूला झुकते आहे. येताना तीच गाडी उलट दिशेनं, दुपारी तीनच्या आत शिकागो, आणि रात्री ८ चं परतीचं विमान असा बेत आहे. दोघांच्या मिळून चार मोठ्या बॅगा असतील. काय करावं?

— एक वाचक

नमस्कार ताई,

मुलाचं ऐका. पैसे भरण्याआधी विचारलंत हे फार बरं केलंत, कारण आता तारीख बदलायला काहीच लागत नाही. गाडी दुसऱ्या दिवशीची घ्या. परतीचा बेत तर याहून कच्चा आहे, त्याच्याकडे शेवटी येते.

दिरांचा अनुभव खोटा नाही. फ्रँकफर्टला खरंच तसं होतं. तिथल्या विमानतळाला लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्वतःचं स्टेशन आहे, ते १९९९ मध्ये सुरू झालं. टर्मिनलमधून चालत गेलं की फलाट. शिवाय मोठ्या शहरांकडे जाणाऱ्या गाड्या दिवसभर सुटत असतात, एक गेली तर तासा-दोन तासांत दुसरी. काही विमान कंपन्या तर विमान आणि गाडी मिळून एकच तिकीट देतात, म्हणजे विमान उशिरा आलं तर पुढच्या गाडीत बसवून देणं हे त्यांचं काम. दिरांची गाडी चुकली असती तर फार तर एक कॉफी जास्त झाली असती.

तुमच्या बेतात यातलं काहीच नाही. ओहेअर ते युनियन स्टेशन सुमारे २७ किलोमीटर. दोन तिकिटं वेगळी, दोन कंपन्या वेगळ्या, एकीला दुसरीची खबरही नाही. आणि कॅलिफोर्निया झेफर दिवसातून एकदाच सुटते. जोडप्रवास आखताना सगळे आधी विचारतात, ‘मध्ये किती वेळ आहे?’ मी आधी विचारते, ‘चुकली तर पुढची गाडी कधी, आणि भुर्दंड कोणाच्या डोक्यावर?’ तुमच्या बाबतीत उत्तर आहे, चोवीस तासांनी, आणि तुमच्याच.

तरीही तीन तास हा आकडा मोठा वाटतो, म्हणून तो जरा सुटा करून पाहू.

११.०५ ही विमान जमिनीला लागायची किंवा दाराशी पोचायची वेळ. ओहेअरचा पसारा प्रचंड आहे, उतरल्यावर विमान दाराला लागायला कधी कधी पंधरा-वीस मिनिटं जातात. मग मागच्या रांगांतून बाहेर पडणं, लांबलचक बोळ, आणि पासपोर्ट तपासणीची रांग. साडेअकरा धरा. अमेरिकन नागरिक आणि ग्रीनकार्डवाले ज्या मोबाइल ॲपनं पटकन सुटतात, ते पर्यटक व्हिसावर आलेल्या भारतीयांना चालत नाही. तुम्ही साध्या रांगेत. ती कधी अर्ध्या तासात संपते, कधी दीड तास खाते. एकाच वेळी दोन-तीन मोठी विमानं उतरली की संपलंच. मधला एक तास धरू, म्हणजे साडेबारा. अधिकारी कुठे राहणार, किती दिवस, परतीचं तिकीट आहे का, एवढं विचारतो. ‘आमची दोनची गाडी आहे हो’ म्हटल्यानं तो कोणाला पुढे घेत नाही. बॅगा पट्ट्यावरून उचलून कस्टममधून बाहेर, पाऊण वाजून गेला. आंतरराष्ट्रीय विमानं बहुतेक टर्मिनल ५ वर उतरतात आणि शहरात जाणारी मेट्रो, म्हणजे ब्लू लाइन, टर्मिनल १, २, ३ च्या बाजूला जमिनीखाली आहे. तिथवर विमानतळाच्या फुकट छोट्या गाडीनं जायचं. फलाटावर पोचेपर्यंत एक वाजून दहा मिनिटं. ब्लू लाइनला शहरात शिरायला पाऊण तास ते पन्नास मिनिटं. झाले की दोन!

आणि लक्षात घ्या, यात काहीही बिघडलेलं नाही. विमान वेळेवर, रांग मध्यम, बॅगा आल्या. सगळं सुरळीत होऊन तुम्ही गाडी सुटताना स्टेशनच्या दोन चौक अलीकडे असाल. मोठ्या बॅगा गाडीच्या सामानडब्यात द्यायच्या तर त्या सुटण्याच्या ४५ मिनिटं आधी, म्हणजे सव्वा एकलाच, खिडकीवर द्याव्या लागतात. ती वेळ तर केव्हाच हुकलेली.

विमान कुठून बदलणार ते तुम्ही लिहिलं नाहीत, त्यानं थोडा फरक पडतो. अबू धाबीमार्गे येत असाल तर अमेरिकेची पासपोर्ट तपासणी अबू धाबीच्याच विमानतळावर उरकते. ती सोय २०१४ पासून आहे. मग शिकागोत देशांतर्गत प्रवाशासारखं सरळ बॅगा घेऊन बाहेर पडता येतं. तसं झालं तर माझ्या वरच्या हिशेबातला तासभर वाचतो आणि सगळं वेळेवर असेल तर गाडी मिळतेही. पण अबू धाबीला मधला वेळ पुरेसा हवा, कारण ती रांग तिथे लागतेच. न्यूयॉर्क किंवा नेवार्कला विमान बदलणार असाल तर तपासणी तिथे होते. तिथेच बॅगा ताब्यात घेऊन पुन्हा द्याव्या लागतात, आणि शिकागोचं दुसरं विमान उशिरा निघण्याचा धोका वाढतो. युरोपमार्गे किंवा थेट आलात तर वरचा हिशेब जसाच्या तसा.

कोणीतरी नक्की सुचवेल, ‘व्हीलचेअर सांगा, रांगेतून पुढे नेतात.’ गुडघे दुखत असतील तर जरूर सांगा, संकोच करू नका. निव्वळ वेळ वाचवायला सांगू नका. आपल्याकडून जाणाऱ्या विमानांच्या दाराशी पंचवीस-तीस खुर्च्यांची वेगळीच रांग लागलेली असते आणि ढकलणारी माणसं त्याच्या निम्मीही नसतात.

आता ब्लू लाइनबद्दल, कारण नकाशावर ती फार सोपी दिसते. युनियन स्टेशनला सगळ्यात जवळचा थांबा क्लिंटन. तिथून दोन चौक उत्तरेला चाललं की स्टेशन. पण क्लिंटनला लिफ्ट नाही. चार मोठ्या बॅगा, दोन हातबॅगा, वीस-बावीस तासांचा प्रवास अंगावर, आणि समोर वर रस्त्याकडे जाणारा जिना. दोघांपैकी एकानं खाली बॅगांपाशी थांबायचं, दुसऱ्यानं एकेक वर न्यायची, आणि वर नेलेल्या बॅगेपाशी मग कोण थांबणार? एकट्या पाठपिशवीवाल्या मुलाला मी डोळे मिटून ब्लू लाइन सांगेन. ती चोवीस तास चालते, स्वस्त आहे आणि रहदारीत अडकत नाही. तुम्हाला टॅक्सी. मात्र टॅक्सी केनेडी एक्स्प्रेसवेवरून जाते आणि त्या रस्त्याचा भरवसा नसतो. मोकळा असला तर अर्धा-पाऊण तास, तुंबला तर तासाच्या वर. मेट्रा नावाची उपनगरी रेल्वे ओहेअरजवळून थेट युनियन स्टेशनातच जाते, पण तिच्या गाड्या मोजक्या आणि शनिवार-रविवारी बंद. वेळ जुळली तर उत्तम, नाहीतर तिच्या नादी लागू नका. टॅक्सीवाल्याला ‘युनियन स्टेशन, ॲमट्रॅक’ असं पूर्ण सांगा; ॲमट्रॅक म्हणजे झेफर चालवणारी रेल्वे कंपनी. पलीकडेच ओगिल्व्ही नावाचं दुसरं मोठं स्टेशन आहे, तिथे फक्त उपनगरी गाड्या.

दिरांचा दुसरा मुद्दा, गाड्या वेळेवर कुठे सुटतात. इथे त्यांची गल्लत होते आहे, आणि ती बऱ्याच जणांची होते. ॲमट्रॅकच्या लांब पल्ल्याच्या गाड्या उशिरा धावतात हे खरं. पण उशीर साचतो तो वाटेत. बहुतेक रूळ मालगाड्यांच्या कंपन्यांचे आहेत. झेफरचं म्हणाल तर शिकागो ते डेन्व्हर बीएनएसएफचे, पुढे युनियन पॅसिफिकचे. प्रवासी गाडीला आधी वाट द्यावी असा तिथे केंद्राचा कायदा आहे, तरी प्रत्यक्षात लांबच लांब मालगाडीमागे झेफर खोळंबून राहते. शिकागो मात्र तिचं सुरुवातीचं स्टेशन. तिथून ती बहुतेक वेळा दोनच्या ठोक्याला हलते. म्हणजे जिथे गाडी उशिरा असावी असं तुम्हाला वाटेल तिथे ती वेळेवर, आणि जिथे वेळेवर हवी तिथे उशिरा. दोन्ही वेळा फटका तुम्हालाच.

चुकली तर काय होतं तेही सांगते. विमान कंपनीनं तुम्हाला शिकागोला आणून सोडलं, तिचं काम संपलं. तुम्ही का आला नाहीत हे ॲमट्रॅकला माहीत नसतं. वेळेत रद्द न केलेल्या खोलीचे पैसे साधारणपणे बुडतात आणि त्याच आरक्षणातला पुढचा प्रवासही आपोआप रद्द होतो. पुढच्या स्टेशनवर, नेपरव्हिलला, टॅक्सीनं जाऊन गाडी पकडू असा धाडसी विचार मनात आणू नका. दुसऱ्या दिवशीच्या गाडीत खोली मिळेल याचीही खात्री नाही, कारण झेफरला झोपायच्या खोल्यांचे डबे दोन-तीनच असतात आणि ऑक्टोबरात पानांचे रंग बघायला निघालेल्यांची गर्दी असते. उरलेल्या खोल्या जसजशा कमी होतात तसतसा दर चढतो. थोडक्यात, हॉटेलची एक रात्र वाचवायला जाऊन हॉटेलची एक रात्र आणि वर नवी खोली. मग त्यापेक्षा पहिल्यापासूनच रात्र धरलेली काय वाईट?

समजा, हे सगळं ऐकूनही घरात बहुमत दिरांच्या बाजूनं पडलं, तर निदान एवढं करा. विमान दाराला लागायच्या आत फोन चालू करा. बारा-सव्वाबारापर्यंत तुम्ही पासपोर्टच्या खिडकीपलीकडे गेला नसाल, तर रांगेत उभ्या उभ्याच ॲमट्रॅकच्या ॲपवरून किंवा १-८००-८७२-७२४५ वर आरक्षण दुसऱ्या दिवसावर ढकला. दोन वाजायच्या आधी बदललं तर काहीतरी हातात राहतं, दोननंतर जवळजवळ काहीच नाही. प्रवास विम्यावर फार विसंबू नका. बऱ्याच पॉलिसींत चुकलेला जोडप्रवास म्हणजे फक्त चुकलेलं विमान. गाडी त्यात बसते का, आणि दोन वेगळी तिकिटं असली तर चालतं का, हे पॉलिसीच्या कागदावर शोधा, एजंटाच्या तोंडून ऐकू नका.

आता राहायचं कुठे. विमानतळाजवळचं हॉटेल स्वस्त मिळतं आणि उतरल्यावर लगेच पाठ टेकता येते हे खरं, पण मग शहरात जायची कटकट सकाळवर ढकलली जाते. माझं मत, पहिल्याच दिवशी टॅक्सीनं शहरात या आणि युनियन स्टेशनपासून चालत जाता येईल असं काहीतरी घ्या. विमान चार तास उशिरा येऊ दे, नाहीतर रांग दोन तासांची असू दे, रात्री फक्त उशिरा झोपाल. ऑक्टोबरात शिकागोचं घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे असतं. पहाटे तीनला टक्क जाग येणार आहे, त्यासाठी शिकागोतली खोली रुमेटमधल्या वरच्या बर्थपेक्षा बरी. दुसऱ्या दिवशी खोली सोडली की सरळ स्टेशनवर जा. झोपायच्या खोलीचं तिकीट असलेल्यांना तिथे मेट्रोपॉलिटन लाउंज मिळतं. हातातलं सामान तिथे ठेवता येतं, आंघोळीचीही सोय आहे. मोठ्या बॅगा खिडकीवर देऊन टाका आणि रिकाम्या हातानं १९२५ च्या त्या इमारतीतलं ग्रेट हॉल बघा. ह्यांना बघायला दोन तास कमीच पडतील.

एक वेगळी वाट सुचवते. मला स्वतःला तीच जास्त आवडते. गाडी शिकागोहून पकडायचीच, असा काही नियम नाही. विमानाचं तिकीट थेट डेन्व्हरपर्यंतचं काढा. वाटेत एक विमान बदलावं लागेल, कदाचित शिकागोलाच. पण सगळं एकाच तिकिटावर असलं की ती जोडणी चुकली तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी विमान कंपनीची. जो धोका तुम्ही अंगावर घेत होतात तो त्यांच्या अंगावर गेला. डेन्व्हर विमानतळावरून शहरात जायला २०१६ पासून ‘ए लाइन’ नावाची रेल्वे आहे. ती ३७ मिनिटांत डेन्व्हर युनियन स्टेशनला पोचते आणि झेफर त्याच स्टेशनवर लागते. रस्ता नाही, रहदारी नाही, टॅक्सी नाही. रात्री तिथे मुक्काम करायचा, स्टेशनच्या इमारतीतच हॉटेल आहे आणि आसपासही आहेत. झेफर सकाळी आठच्या सुमारास सुटते.

यात तुम्ही गमावता काय? शिकागोहून निघालेली गाडी संध्याकाळी बर्लिंग्टनला मिसिसिपी ओलांडते, ते दृश्य हुकेल. त्यानंतर आयोवाचा बराचसा भाग आणि सगळं नेब्रास्का गाडी अंधारातच कापते, तेव्हा तुम्ही झोपलेल्या असता. खरा देखावा डेन्व्हरनंतर सुरू होतो. गाडी शहर सोडताच डोंगर चढायला लागते, मग १९२८ मध्ये सुरू झालेला मोफॅट बोगदा, दहा किलोमीटर लांब, त्यातून रॉकी पर्वताचा मुख्य कणा पार. पुढे तासन् तास कोलोराडो नदी शेजारून वाहत असते आणि ग्लेनवुड कॅन्यनमध्ये कडे इतके जवळ येतात की काचेच्या डब्यात मान वर करून बघावं लागतं. हे सगळं उजेडात. रात्री यूटा आणि नेवाडाचं वाळवंट, दुसऱ्या दिवशी सकाळी रीनो, मग सिएरा नेवाडाचा घाट उतरून दुपारी दोनच्या आसपास सॅक्रामेंटो. गाडीतली रात्र दोनऐवजी एक. खोलीचं भाडंही साहजिकच कमी, आणि त्यातून हॉटेलची रात्र बरीचशी निघून जाते. ह्यांना मात्र ‘पूर्ण झेफर केली’ असं सांगता येणार नाही, आणि रेल्वेवेड्या माणसाला ते किती लागेल हे तुम्हीच जाणता. त्यांना आधी विचारा, मग ठरवा.

परतीचं सांगायचं तर तो बेत आत्ताच मोडा. जाताना निदान मधली मोठी अनिश्चितता एकच होती, रांगेची. परतताना गाडी सुमारे ३,९०० किलोमीटर येऊन शिकागोला पोचते. वाटेत मालगाड्या, एकेरी मार्ग, दरडी, इंजिनाचे बिघाड आणि नोव्हेंबरनंतर बर्फ. कागदावर तीनच्या आत पोचणारी गाडी संध्याकाळी सहाला आली तरी कोणी विशेष मानत नाही, रात्री अकराला आली तर प्रवासी थोडे कुरकुरतात. आठच्या आंतरराष्ट्रीय विमानाला तुम्ही पाचला ओहेअरवर हव्यात आणि काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं. इथे एक रात्र मध्ये ठेवून पाहा म्हणतेय ते मुळीच ऐच्छिक समजू नका. गाडीनंच यायचं असेल तर विमान दुसऱ्या दिवशी दुपारनंतरचं घ्या. मला विचाराल तर जाताना गाडीची हौस फेडून घ्या आणि परतीचं विमान सरळ सॅक्रामेंटो किंवा सॅन फ्रान्सिस्कोहून, एकाच तिकिटावर थेट घरापर्यंतचं काढा. जाताना एका शहरात उतरून परतताना दुसऱ्या शहरातून निघणं हे तिकीट दरवेळी महाग असतं असं नाही, दर काढून पाहा.

मात्र परतताना गाडीतून गाडीत जायचं असेल, म्हणजे शिकागोहून पुढे न्यूयॉर्कला वगैरे, तर ते एकाच आरक्षणात काढलं की पुढची गाडी चुकल्यास ॲमट्रॅक सांभाळून घेतं. ती हमी फक्त त्यांच्या गाड्यांपुरती.

राहिल्या बॅगा. विमानाची २३ किलोची बॅग आणि ॲमट्रॅकची ५० पौंडांची मर्यादा जवळजवळ एकच, त्यामुळे नव्यानं वजनं करत बसायला नको. फक्त काठोकाठ भरू नका, कारण ५० पौंड म्हणजे २२.७ किलो. माणशी दोन बॅगा सामानडब्यात फुकट जातात, तुमच्या चारही बसल्या. सॅक्रामेंटोला सामान उतरवून घ्यायची सोय आहे. पण एकदा दिलेली बॅग वाटेत उघडता येत नाही, म्हणून औषधं, स्वेटर, एक जोडी कपडे आणि चार्जर वेगळ्या छोट्या बॅगेत काढा. रुमेट ही जेमतेम १०७ सेंटिमीटर रुंद आणि १९८ सेंटिमीटर लांब असते. समोरासमोर दोन खुर्च्या, त्या ओढल्या की खालचा बर्थ, वरचा छतातून खाली येतो. मोठी बॅग तिथे ठेवली तर पाय कुठे ठेवायचे हा प्रश्न. डब्याच्या खालच्या मजल्यावर सामानाची मांडणी आहे, पण ती सगळ्यांची. वरचा बर्थ कोणी घ्यायचा हे घरूनच ठरवून निघा; चढायला पायऱ्या आहेत, पण अरुंद. टॉयलेट खोलीत नसतं, डब्यात सामाईक असतं, म्हणून रात्री उठावं लागणाऱ्यानं खाली झोपावं.

तिकिटावरच्या सगळ्या वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. शिकागो ते सॅक्रामेंटो घड्याळ दोनदा एकेक तास मागे जातं, तेव्हा मुलाला वेळ सांगताना गोंधळ नको. त्याला गाडीचा नंबर द्या: पश्चिमेकडे जाणारी ५, परतीची ६. ॲमट्रॅकच्या ॲपवर गाडी नेमकी कुठे पोचली ते दिसतं. त्यानं वेळापत्रक बघून दोनला स्टेशनवर येऊन बसू नये, सकाळी रीनोहून गाडी कधी सुटली ते बघून मग घरून निघावं.